जुने व्हिडिओ गेम पुन्हा खेळताना: एम्युलेटर बसवणं आणि फाइलींची मांडणी

एम्युलेटर, म्हणजे जुन्या गेम मशिनची नक्कल करून तिचे गेम फोनवर किंवा लॅपटॉपवर चालवणारा प्रोग्राम, बसवायला दहा मिनिटं पुरतात. महिन्याभरात मात्र त्याच फोनवर एका गेमच्या पाच-सहा प्रती साठतात, त्यातल्या निम्म्या चालत नाहीत, आणि फोन बदलला की अर्ध्यावर आलेला गेम पुन्हा पहिल्या स्टेजपासून खेळावा लागतो. मग कंटाळून सगळंच उडवलं जातं. ज्यांना हे गेम मनापासून आवडतात त्यांच्याच बाबतीत हे घडतं, याचं मला फार वाईट वाटतं. कारण हा पसारा टाळणं अवघड नाही, सुरुवातीला एक संध्याकाळ नीट द्यावी लागते.

माझं मत आधीच सांगून टाकतो: गेम थोडे ठेवा. पन्नास-साठ पुरेत, पण त्यातला प्रत्येक चालतो याची तुम्ही स्वतः खात्री केलेली असावी. ‘दहा हजार गेम भरलेली’ मेमरी कार्डं बाजारात मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. तोच गेम जपानी, अमेरिकी, युरोपीय अशा तिहेरी रूपात, वर बिघडलेल्या आणि अर्धवट प्रती, असाच तो आकडा फुगवलेला असतो. तुम्हाला खेळायचा असलेला गेम त्यात शोधण्यातच रविवार जातो.

कशावर खेळायचं

घरात जे आहे त्यावर. गेल्या काही वर्षांतला कोणताही बरा अँड्रॉइड फोन जुन्या कॅसेटच्या गेमपासून पहिल्या प्लेस्टेशनपर्यंत सगळं आरामात चालवतो, आणि विरार किंवा कसाऱ्याहून रोज लोकलने येणाऱ्याला नेटशिवाय चालणारा फोनच सोयीचा. कपाटात पडलेला जुना लॅपटॉप असेल तर बाटोसेरा, म्हणजे जुने गेम चालवण्यासाठीच बनवलेली लिनक्सवरची फुकट प्रणाली, पेन ड्राइव्हवर टाका आणि त्यावरून लॅपटॉप सुरू करा. आतल्या विंडोजला हातही लागत नाही आणि एचडीएमआय केबलने तो टीव्हीला जोडता येतो. रास्पबेरी पाय ४ किंवा ५ हा छोटासा संगणक घ्यायचा तर मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराची, लॅमिंग्टन रोडची, एक फेरी होईल, पण लॅपटॉप असताना मी तो खर्च सुचवणार नाही.

मेमरी कार्ड कुठूनही घ्या, वापरण्याआधी तपासा. १२८ जीबी छापलेल्या कार्डात प्रत्यक्षात ३२ जीबीच असणं ही जुनी लबाडी आहे, आणि कार्ड भरत आल्याशिवाय ती कळत नाही. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ हे फुकट प्रोग्राम कार्ड पूर्ण भरून पुन्हा वाचून बघतात. वेळ लागतो, रात्री लावून झोपा.

पुढचं सगळं मी रेट्रोआर्च हे अनेक एम्युलेटर एकत्र सांभाळणारं फुकट अ‍ॅप धरून सांगतो. त्याच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या. आजच्या बहुतेक फोनना एआर्च६४ हे (६४-बिट प्रोसेसरचं) रूप लागतं. रेट्रोआर्च स्वतः गेम चालवत नाही. प्रत्येक मशिनसाठी त्यात वेगळा ‘कोअर’ उतरवावा लागतो. कॅसेटच्या गेमना, म्हणजे निन्टेंडोच्या एनईएस किंवा फॅमिकॉमला, एफसीईयूएमएम घ्या. सुपर निन्टेंडोला एसनेस९एक्स, सेगाला जेनेसिस प्लस जीएक्स, गेमबॉय अ‍ॅडव्हान्सला एमजीबीए, पार्लरच्या गेमना फायनलबर्न निओ. प्लेस्टेशनला स्वानस्टेशन, आणि फोन कमजोर असेल तर पीसीएसएक्स रीआर्म्ड. पीएसपी या हातातल्या प्लेस्टेशनसाठी पीपीएसएसपीपी हे वेगळं अ‍ॅपच उत्तम. एका मशिनला एकच कोअर ठेवा. ‘हाही बघू’ म्हणत चार-चार कोअर उतरवले की कोणता सेव्ह कशात आहे ते कळेनासं होतं.

फाइली आणायच्या कुठून

एम्युलेटर कायदेशीर आहे. गेमच्या फाइलींचं तसं नाही, आणि गेम तीस वर्षांचा झाला म्हणून त्यावरचा हक्क संपत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतींमध्ये धरला जातो. त्याच कायद्याच्या कलम ५२(१)(एए) नुसार, ज्याच्याकडे प्रोग्रामची कायदेशीर प्रत आहे त्याला ती हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून बॅकअप करता येतो. तुमच्या माळ्यावरच्या अस्सल सीडीची प्रत त्यात बसते. आपल्याकडच्या ‘इतके इन वन’ कॅसेटी बहुतेक मुळातच नकली होत्या, त्यांना हा आधार मिळणार नाही.

सीडीची प्रत काढणं सोपं आहे. पहिल्या प्लेस्टेशनची सीडी यूएसबीच्या साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचली जाते आणि इमेजबर्नसारखा प्रोग्राम तिची बिन आणि क्यू अशी जोडी करून देतो. मुंबईच्या चार पावसाळ्यांत सीडीवर बुरशीचे ठिपके येतात. मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल फिरवू नका. कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवय सोडा, तोंडातल्या ओलाव्याने आतल्या धातूच्या पट्ट्या गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पट्ट्या पुसल्या की काळपट थर निघून येतो आणि मेलेली वाटणारी कॅसेट पुष्कळदा जिवंत होते. कॅसेट वाचण्यासाठी आर्डुइनो मेगा या सर्किट बोर्डावर बांधायचे खुल्या आराखड्याचे रीडर आहेत. सोल्डरिंग येणाऱ्यानेच त्या वाटेला जावं, आणि एक गोष्ट ध्यानात ठेवावी: आपल्याकडच्या टीव्ही गेमच्या कॅसेटी जपानी फॅमिकॉमच्या धर्तीवर ६० पिनांच्या, अमेरिकी एनईएसच्या ७२ पिनांच्या.

मांडणी जमते का हे पाहायला आधी मोकळे गेम वापरा. मेम या पार्लर गेमच्या एम्युलेटरच्या अधिकृत साइटवर ग्रिडली, रॉबी रोटो असे काही पार्लर गेम हक्कदारांच्या परवानगीने फुकट ठेवलेले आहेत. गेमबॉयसाठी तोबू तोबू गर्ल हा खुला, फुकट आणि खरोखर चांगला गेम आहे. विकत घ्यायचा तर एनईएससाठी २०१९ मध्ये आलेला मायक्रो मेजेस घ्या. जुन्या मारिओप्रमाणेच तो ४० केबीत बसवलेला आहे, आणि चार जण एकदम खेळू शकतात. मेटल स्लग आणि किंग ऑफ फायटर्स ९७ आज स्टीम, गॉग या गेमच्या ऑनलाइन दुकानांत रीतसर विकत मिळतात.

एक फोल्डर, त्यात सगळं

कार्डावर किंवा फोनच्या स्टोरेजमध्ये ‘रेट्रो’ नावाचा एक फोल्डर करा. त्यात पाच फोल्डर: रोम्स (गेमच्या फाइली), बायोस, सेव्ह्ज, स्टेट्स, प्लेलिस्ट्स. सहावा ‘मूळ’ या नावाचा, तो लॅपटॉपवर किंवा हार्ड डिस्कवर. तुम्ही काढलेली पहिली प्रत जशीच्या तशी त्यात जाते आणि एम्युलेटरला तो कधीच दाखवायचा नाही. फोल्डरांची नावं रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं, मध्ये जागा नको. लिनक्स मोठं आणि लहान अक्षर वेगळं मानतो, त्यामुळे फोनवर चालणारी मांडणी बाटोसेरावर अडते.

‘रोम्स’च्या आत प्रत्येक मशिनचा फोल्डर, आणि इथे स्वतःची नावं शोधू नका. बाटोसेरा जी नावं वापरतो तीच द्या: एनईएस, एसनेस, मेगाड्राइव्ह, जीबीए, पीएसएक्स, एफबीनिओ. ईएस-डीई हा दुसरा लोकप्रिय मेनूही हीच नावं ओळखतो. उद्या फोनवरून लॅपटॉपवर गेलात तर फोल्डर उचलून ठेवायचा, बस्स.

मग रेट्रोआर्चच्या सेटिंग्जमध्ये ‘डिरेक्टरी’ उघडा आणि सिस्टिम, सेव्ह फाइल, सेव्ह स्टेट, प्लेलिस्ट या चारांना तुमच्या फोल्डरकडे वळवा. हे करायचं कारण साधं आहे. अ‍ॅप काढलं की त्याच्या खासगी फोल्डरमधलं सगळं अँड्रॉइड पुसून टाकतो. तुमचा फोल्डर बाहेर असेल तर सुरक्षित राहतो. त्याच बैठकीत ‘सेव्हिंग’मध्ये जाऊन सेव्ह फाइली मशिनच्या फोल्डरनुसार वेगळ्या ठेवायचा पर्याय चालू करा. पहिला गेम लावण्याआधीच करा, कारण मधेच बदललं तर रेट्रोआर्च नव्या जागी शोधत राहतो आणि आधीचा सेव्ह दिसत नाही. शेवटी मुख्य मेनूतून कॉन्फिगरेशन सेव्ह करायला विसरू नका.

बायोस म्हणजे मशिनच्या आतला मूळ प्रोग्राम. त्यावरही कंपनीचा हक्क असतो, तो आपल्याच मशिनमधून काढलेला हवा. सुदैवाने बऱ्याच ठिकाणी तो लागतच नाही. एमजीबीए आणि पीपीएसएसपीपी त्याशिवाय चालतात, आणि पीसीएसएक्स रीआर्म्डमध्ये पर्यायी बायोस आतच आहे, सगळे गेम त्यावर चालत नाहीत एवढंच. कोणत्या कोअरला काय हवं आणि काय सापडत नाही, हे कोअरच्या माहितीच्या पानावर रेट्रोआर्च स्वतः दाखवतो. गेम काळा पडदा दाखवून थांबला तर आधी ते पान बघा.

नावं आणि डुप्लिकेट

जुन्या संग्रहांत नावापुढे चौकोनी कंसात खुणा असतात. उद्गारचिन्ह म्हणजे तपासलेली प्रत, ‘बी’ म्हणजे बिघडलेली, ‘एच’ म्हणजे कुणीतरी बदल केलेली, ‘ओ’ म्हणजे प्रतीत जादा भर पडलेली. आता नो-इन्ट्रो या गटाची पद्धत रूढ आहे: गेमचं पूर्ण नाव, पुढे गोल कंसात देश, आणि सुधारित आवृत्ती असेल तर तिचा क्रमांक. हीच पद्धत पाळा. प्लेलिस्ट, चित्रं, याद्या सगळं याच नावांवर जुळतं.

नावापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे आतला मजकूर बरोबर आहे की नाही. त्यासाठी ‘डॅट’ याद्या असतात. त्यांत गेम नसतो, फक्त प्रत्येक अस्सल प्रतीचं नाव, आकार आणि सीआरसी, शा-१ असे फाइलच्या मजकुरावरून काढलेले ओळखीचे आकडे असतात. कॅसेटच्या गेमसाठी नो-इन्ट्रोची यादी, सीडीसाठी रीडम्पची. रॉमव्हॉल्ट या प्रोग्रामला यादी आणि फोल्डर दाखवा. तो प्रत्येक फाइल मोजून कोणती जुळते, कोणती नाही ते सांगतो आणि नावंही सुधारून देतो. तुमची स्वतःची प्रत यादीशी जुळली तर ती निर्दोष आहे हे नक्की. जुळली नाही तर सीडी किंवा पट्ट्या पुसून पुन्हा काढा.

मग छाटणी. एका गेमची एकच प्रत ठेवायची. नियम ठरवून घ्या: इंग्रजी प्रत असेल तर ती, दोन आवृत्त्या असतील तर नंतरची. छाटलेलं पुसू नका, ‘मूळ’मध्ये जाऊ द्या.

कॅसेटच्या गेमना जागा किती लागते हे पाहिलं की छाटणीची भीती जाते. एनईएसचा मारिओ ४० केबी, काँट्रा १२८ केबी, गेमबॉय अ‍ॅडव्हान्सचा मोठ्यात मोठा गेम ३२ एमबी. खरी जागा सीड्या खातात.

पार्लरचे गेम: इथे नाव बदलायचं नाही

वरचा नामकरणाचा नियम पार्लरच्या गेमना लागू नाही, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच अडतात. ‘मुस्तफा’ घ्या. गल्लीतल्या प्रत्येक पार्लरमध्ये असलेला हा गेम म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. मुस्तफा हे त्यातल्या एका गड्याचं नाव. एम्युलेटरसाठी मात्र त्याची झिप फाइल ‘डीआयएनओ’ या चार अक्षरांचीच असली पाहिजे. हौसेने ‘मुस्तफा’ नाव दिलंत की गेम उघडत नाही. झिप सोडवायचीही नाही. कोअर तिच्या आतली, पार्लरच्या मशिनमधल्या एकेक चिपची फाइल नावानिशी आणि आकड्यानिशी तपासतो. पडद्यावर ‘मुस्तफा’ दिसायला हवं असेल तर प्लेलिस्टमध्ये त्या नोंदीचं लेबल बदला, फाइल जशी आहे तशी राहू द्या.

शिवाय यात आई आणि लेकरू असा प्रकार असतो. मुस्तफाची अमेरिकी आवृत्ती ‘डीआयएनओयू’ नावाने येते. काही संचांत तिच्या झिपमध्ये फक्त वेगळ्या असलेल्या चिपा असतात, बाकीच्या मूळ झिपमधून घेतल्या जातात. म्हणून मूळ झिप पुसली की लेकरूही बंद पडतं. निओ जिओ या पार्लर मशिनचे सगळे गेम, किंग ऑफ फायटर्स धरून, सोबत ‘निओजिओ’ ही बायोसची झिप त्याच फोल्डरमध्ये मागतात.

आवृत्तीही जुळावी लागते. मेमचं काम १९९७ पासून चालू आहे आणि एखाद्या चिपची अधिक चांगली प्रत मिळाली की यादी बदलते. फायनलबर्न निओला चालू यादीचा संच लागतो, तर ‘मेम २००३ प्लस’ हा हलका कोअर जुन्या ०.७८ यादीवर बेतलेला आहे. एकाचा संच दुसऱ्यावर अर्धवट चालतो. म्हणून प्रत्येक कोअरचा फोल्डर वेगळा ठेवा.

सीड्यांचं आवरणं

बिन-क्यू जोडीत क्यू ही साधी मजकुराची फाइल असते आणि तिच्यात बिनचं नाव लिहिलेलं असतं. बिनचं नाव बदललं आणि क्यू उघडून आत बदललं नाही तर गेम चालत नाही. त्यापेक्षा दोन्ही मिळून सीएचडी प्रकारची एकच दाबलेली फाइल करा. मेमसोबत येणाऱ्या सीएचडीमॅनला ‘क्रिएटसीडी’ आदेश द्या, ‘-आय’नंतर क्यूचं नाव, ‘-ओ’नंतर नव्या फाइलचं. आतली माहिती जराही न गमावता आकार कमी होतो. गेम तीन-चार सीड्यांचा असेल तर एम३यू ही यादी करा: प्रत्येक ओळीत एका सीडीचं नाव, क्रमाने. गेम त्या यादीवरून सुरू केला की सगळ्या सीड्यांना एकच मेमरी कार्ड मिळतं, नाहीतर दुसरी सीडी लावल्यावर सेव्ह सापडत नाही.

यादी तयार करताना रेट्रोआर्चला फोल्डर स्कॅन करायला सांगा. नवे हौशी गेम त्याच्या यादीत सापडले नाहीत तर ‘मॅन्युअल स्कॅन’ वापरा. मुखपृष्ठांची चित्रं तो नावावरून स्वतः उतरवून घेतो.

संगीत घाईत का वाजतं

सगळं नीट लागल्यावर पुष्कळ जण म्हणतात, ‘गेम बरोबर आहे, पण तसा वाटत नाही. घाईत चाललाय.’ त्यांचा कान बरोबर असतो. अमेरिकी आणि जपानी मशिन सेकंदाला ६० चित्रं दाखवायची. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, ५० चित्रांचा, आणि आपल्याकडे विकले गेलेले बरेच टीव्ही गेम त्या हिशेबाने बनवलेले क्लोन, म्हणजे फॅमिकॉमच्या नकला, होते. युरोपातल्या अस्सल मशिनमध्ये प्रोसेसरही मंद केलेला असल्याने सूर खाली जायचा. या क्लोनमध्ये प्रोसेसरचा वेग १.७७ मेगाहर्ट्झ, जपानी मशिनच्या १.७९ च्या अगदी जवळ. म्हणून सूर जवळपास तोच राहायचा आणि लय सहाव्या हिश्श्याने मंदावायची. आपल्या कानात बसलेला मारिओ तो आहे.

एफसीईयूएमएममध्ये तो परत आणता येतो. गेम चालू असताना क्विक मेनू, त्यात कोअर ऑप्शन्स, त्यात ‘रीजन’. तिथे ‘डेंडी’ निवडा. डेंडी हा रशियात विकला गेलेला अशाच जातीचा क्लोन. मग खाली ध्वनीच्या भागात ‘स्वॅप ऑडिओ ड्यूटी सायकल्स’ चालू करून पाहा. मशिनच्या चौकोनी लहरींचे १२.५, २५, ५० आणि ७५ टक्के असे चार प्रकार असतात; काही क्लोनच्या चिपमध्ये २५ आणि ५० ची अदलाबदल झालेली होती, त्यामुळे आवाज वेगळाच, थोडा पोकळ लागायचा. तुमच्या घरचा टीव्ही गेम त्यातला होता की नाही, हे दोन्हींकडे ऐकून लगेच ओळखू येईल. जे जमलं ते ‘एनईएस’ फोल्डरपुरतं सेव्ह करा. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर ५० चित्रं किंचित अडखळतात, ते मी आनंदाने चालवून घेतो.

टीव्हीवर खेळताना टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करा, उडी उशिरा पडण्याचं निम्मं कारण टीव्हीतच असतं. गेम खेळायचे रिमोट वायरवाले घ्या. चित्र ४:३ ठेवा. ताणून अख्खा पडदा भरला की मारिओ बुटका आणि रुंद दिसतो.

सेव्ह सांभाळणं

दोन प्रकार वेगळे ओळखा. गेममधला स्वतःचा सेव्ह एसआरएम फाइलमध्ये जातो. तो लहान असतो आणि बहुतेक एम्युलेटर तो वाचतात. ‘स्टेट’ म्हणजे त्या क्षणाचं संपूर्ण मशिन गोठवून ठेवणं. दादर आलं की उतरण्याआधी स्टेट घ्यावा, तेवढ्यासाठी तो उत्तम. पण कोअर बदलला किंवा नवी आवृत्ती आली की जुना स्टेट उघडेलच असं नाही. लांबलचक गेम असेल तर गेममधला सेव्ह केल्याशिवाय थांबू नका. फोनवर ‘सेव्हरॅम ऑटोसेव्ह’ची वेळ दहा सेकंदांवर आहे का तेही बघा. मध्येच फोन आला आणि अँड्रॉइडने अ‍ॅप मारलं, तर या सेटिंगमुळेच सेव्ह वाचतो.

फोन आणि लॅपटॉप दोन्हींवर खेळत असाल तर सिंकथिंग या, दोन ठिकाणच्या फाइली सारख्या ठेवणाऱ्या फुकट प्रोग्रामने फक्त ‘सेव्ह्ज’ फोल्डर जोडा. एका ठिकाणचा गेम पूर्ण बंद करून, सिंक झाल्यावरच दुसरीकडे उघडा, नाहीतर दोन वेगळे सेव्ह तयार होतात.

बॅकअपच्या दोन प्रती हव्यात आणि त्यातली एक घराबाहेर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या घरांत कपाटातलं काहीच उरलं नव्हतं. एक हार्ड डिस्क ठाण्याला मामांकडे किंवा ऑफिसच्या खणात राहू द्या. घरची डिस्क सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पावसाळा सुरू होताना पुड्या बदला. ‘मूळ’ फोल्डर वर्षातून एकदा रॉमव्हॉल्टने पुन्हा मोजून घ्या, डिस्क खराब होऊ लागली असेल तर आकडे जुळत नाहीत आणि दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्ती करता येते. बॅकअप घेतलात की एखाद्या रिकाम्या जुन्या फोनवर रेट्रोआर्च नव्याने बसवा, ‘रेट्रो’ फोल्डर त्यात उतरवा, डिरेक्टरी दाखवा आणि अर्ध्यावर आलेला एक गेम उघडा. सेव्ह जिथे सोडला होता तिथून सुरू झाला तर मांडणी पक्की झाली. नाही झाला तर कोणता फोल्डर बॅकअपमध्ये आला नाही ते आत्ताच शोधा, जुना फोन अजून चालू आहे तोवर.